माडाचा गूळ, घाटावर

बाबा आंबा घाटात गेले. अर्धा चढ झाला होता. गाडीत पेंढा पसरून त्यांना फळीला बांधलं होतं, कारण कमरेखालचं अंग त्यांच्या ताब्यात नव्हतं आणि वळण आलं की ते घरंगळायचे. आई त्यांचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती. मध्येच तिने गाडीवानाला हाक मारली, "गाडी थांबवा." त्याला वाटलं पाणी पाजायचं असेल. त्याने चाकाला दगड लावला, मागे येऊन बघितलं आणि डोक्याचा पटका काढून हातात धरला.

गाडीवान मलकापूरचा होता, नाव हैबती. खालून मीठ आणि सुकी मासळी वर न्यायची, वरून गूळ, तंबाखू खाली आणायची, हा त्याचा धंदा. तो बराच वेळ बैलांच्या मानेवर हात फिरवत उभा राहिला. मग म्हणाला, "वैनी, आता तुमीच सांगा. गाडी वळवू काय? खाली न्यायचं का वर?"

आई म्हणाली, "वर."

"वर कोण हाय तुमचं?"

"कोण नाय. खाली माड हायत."

हैबतीला ते कळलं नाही. मला कळलं. मी दहा-अकरा वर्षांची असेन. माझा भाऊ जनू माझ्याहून दोन वर्षांनी लहान, तो गाडीच्या कडेला बसून दरीत खडे टाकत होता. बाबा गेल्याचं त्याला अजून कोणी सांगितलं नव्हतं.

गेल्या वर्षी एका लग्नात रत्नागिरीकडच्या चुलत घराण्यातल्या एका मुलाने मला विचारलं, "आजी, तुम्ही माड सोडून वर का गेलात? आज तो वाटा केवढ्याचा असता!" मंडपात वाजंत्री चालू होती, उत्तर दिलं असतं तर ओरडून द्यावं लागलं असतं. म्हणून आता लिहिते. खाली राहिलेल्यांसाठी लिहिते, आणि आमच्यासारखे जे घाट चढून आले त्यांच्या नातवंडांसाठीही. मी मराठी चौथी शिकले आहे. जे झालं तेवढंच लिहीन.

बाबा माड छेदायचे. माडाची पोय, म्हणजे न उमललेला फुलोरा, बांधायची, तिचं टोक रोज पातळ कापायचं, खाली मडकं लटकवायचं. त्यात जो रस ठिबकतो तो ऊन चढेपर्यंत ठेवला तर आंबून माडी होते. मडक्याला आतून चुना लावला आणि रस पहाटे उतरवून लगेच चुलीवर चढवला, तर त्याचा गूळ होतो. सरकारने माडांना परवाने लावल्यापासून गूळ करणारे थोडेच उरले होते, कारण माडी लवकर खपते आणि तिला सरपण लागत नाही. बाबा तरीही काही माड गुळासाठी ठेवत. उतरवायचं काम त्यांचं, उकळायचं आईचं. आमच्या घरात गोड म्हणजे हाच गूळ. घावन्याबरोबर नारळाच्या दुधात कालवलेला, पावसाळ्यात मोठी काकडी किसून केलेल्या धोंडसात घातलेला, आणि नुसता खडा तोंडात धरून चहाच्या पाण्याबरोबर.

बाबा पडले तेव्हा पाऊस नव्हता, वाराही नव्हता. रोजचाच माड होता. खाचेत टेकलेला पाय सुटला, एवढंच.

आमच्या वाडीत एक रीत होती. माडावर चढणारा गेला की त्याच्या तेराव्याला त्याचा कोयता थोरल्या मुलाच्या हातात द्यायचा आणि मुलाने त्याच माडाला पहिला हात लावायचा. बाप त्या माडावरून पडून मेला असला तरी माड तोच. तसं केलं नाही तर माड रुसतो आणि पोय धरत नाही, असं म्हणत. आजोबांचा कोयता बाबांना असाच मिळाला होता. आजोबाही पडूनच गेले होते. तेरावं करायला खाली परतायचं म्हणजे जनूच्या हातात कोयता द्यायचा, हे आईने त्या चढावर, बाबांचं अंग गार व्हायच्या आत ओळखलं. रडली ती नंतर. आधी दिशा ठरवली.

आम्ही कोल्हापूरला निघालो होतो ते बाबांची कंबर बसवायला. तिथल्या तालमीत एक वस्ताद पैलवानांची हाडं बसवतो, असं कोणी सांगितलं होतं. त्याला भेट द्यायला म्हणून माडाच्या गुळाच्या ढेपा करंडीत भरून, वर केळीची सुकी पानं दाबून गाडीत ठेवल्या होत्या. बाबांनी उतरवलेल्या रसाचा तो शेवटचा गूळ.

मलकापुरात नदीकाठी बाबांना अग्नी दिला. अनोळखी माणसं धावून आली. एक म्हातारा डोक्यावर लाकडं घेऊन आला आणि जनूला म्हणाला, "भिऊ नगंस, पावणं. आमी हाय की." आठ-नऊ वर्षांच्या पोराला तो पावणं म्हणाला. जनूने माझ्याकडे बघितलं. मी त्याला सांगितलं, "तुलाच म्हणतोय. जा."

हैबतीने आम्हाला कोल्हापुरात पेठेत त्याच्या बहिणीकडे उतरवलं. तिला सगळे बायाक्का म्हणत. म्हशी पाळायची आणि दुधाचे रतीब घालायची. गोठ्याला लागून एक खोली होती, ती तिने आम्हाला दिली. पलीकडच्या भिंतीला मुसलमानांची पावाची भट्टी होती, म्हणून थंडीत ती भिंत ऊबदार राहायची. आम्ही तिघं त्या भिंतीला पाठ लावून झोपायचो. महाराजांचं राज्य होतं. रस्त्याने हत्ती गेला की जनू पळत बघायला जायचा, आणि परत आला की विचारायचा, "आई, समुद्र कुठल्या बाजूला?"

करंडीतला गूळ आईने विकायला काढून बघितला. दारातून जाणाऱ्या बायका हातात घ्यायच्या, हुंगायच्या. काळपट रंग, धुराचा वास. "कशाचा गं?" माडाचा म्हटलं की ढेप खाली ठेवायच्या. एकीने विचारलं, "माडीचा? खाल्ल्यावर मानूस झिंगतंय काय?" दुसरी म्हणाली, "घेऊन ठेव की, तुझा दाल्ला गुत्त्यात जायचा तरी वाचंल." हसून दोघी गेल्या. उसाच्या गुळाने भरलेल्या गावात माडाचा गूळ कोण घेणार? आईने करंडी माळ्यावर टाकली.

मग बायाक्काने तिला नदीकडच्या एका पाटलांच्या गुऱ्हाळावर कामाला लावलं. आई खुशीत गेली. रस उकळणं तिला येत होतं. पण गूळ शिजवणारा कारागीर, त्याला गुळव्या म्हणतात, तो बाईला काहिलीजवळ उभी राहू देईना. "लांब सर, घाम पडंल रसात." तिला गड्यांच्या जेवणावर ठेवलं, भाकऱ्या थापायला.

एका शेताचा ऊस संपला की पाटील गड्यांना गव्हाच्या खिरीचं जेवण घालत. पाटलीणबाईंनी आईला सांगितलं, "गहू शिजवून ठिवल्यात. दूध चुलीवर चढव आणि खीर कर." एवढंच सांगितलं, कारण इथल्या पोरीलासुद्धा पुढचं सांगावं लागत नाही. गहू गुळात शिजवायचा आणि दूध गार करून वाढताना ताटात घालायचं, ही इथली खीर. आमच्याकडे जनावराचं दूध कधी चुलीवर चढलंच नाही. आमचं दूध नारळाचं. ते उकळायला लागलं की त्यात गूळ सोडायचा, तो विरघळून एकजीव होतो. आईने तेच केलं. म्हशीच्या दुधाला उकळी आली, तिने गूळ सोडला, आणि पळीने ढवळायला लागली.

मी तिच्या बाजूला होते. आधी कडेला पाणी दिसलं. मग मधोमध चोथा वर आला. आईला वाटलं आच कमी पडली. तिने लाकूड पुढे सारलं.

गुळव्या वास घेत आला आणि त्याने बोंब ठोकली. "आरं, ह्या बयेला बगा! गुळाच्या राशीवर बसून दूध नासवलं की!"

सगळे जमले. पाटलीणबाईंनी पातेल्यात बघितलं. "कुनी सांगितलं तुला उकळत्या दुधात गूळ टाकायला?"

"आमच्यात असाच टाकतात," आई म्हणाली.

"तुमच्यात म्हंजे कुठं?"

"खाली. नारळाच्या दुधात."

"ऐकलं का गं," पाटलीणबाई मागच्या बायकांना म्हणाल्या, "उद्यापास्नं म्हशीला नारळ लावू या."

गडी पोट धरून हसले. एक म्हातारी मात्र हसली नाही. ती म्हणाली, "पांढऱ्या कपाळाची बाई, आनि दूध नासलं. काय ते समजून घ्या." त्यानंतर कोणी हसलं नाही. पाटलीणबाईंचा आवाज बदलला. "उद्यापास्नं येऊ नगंस."

आईने पदर खोचला. "ह्या दुधाचा काय करणार?"

"नदीत वत न्हायतर म्हशीला घाल."

"मग मी नेतंय."

आम्ही ते पातेलं दोघी मिळून घरी आणलं. वाटेत आई एकच वाक्य बोलली: "यमू, जनूला काम गेल्याचा सांगू नको, तो घरी चला म्हणेल."

घरी आल्यावर तिने नासलेलं दूध फडक्यात बांधून खुंटीला टांगलं. खालचं पाणी बायाक्काच्या म्हशीला दिलं. माळ्यावरची करंडी उतरवली आणि बाबांच्या गुळाची एक ढेप दगडाने फोडली. तो गूळ जपून ठेवलेला होता असं कोणी समजू नये. कोणी घेतला नाही म्हणून तो उरला होता, आणि घरात दुसरं काही नव्हतं. चोथ्यात गूळ कुस्करला, गव्हाचा रवा घातला, मीठ घातलं. पातेल्याच्या तळाला केळीचं पान, वर ते मिश्रण, वर झाकण, झाकणावर निखारे, खाली मंद आच. धोंडस जसं भाजतात तसंच, फक्त काकडीच्या जागी नासकं दूध.

माडाचा गूळ भाजताना वास सुटतो तो उसाच्या गुळाचा नसतो. उसाचा गूळ आधी गोड लागतो आणि मागाहून काही नाही. माडाच्या गुळात आधी धूर, मग किंचित खारटपणा, आणि गोडी शेवटी. तो वास भिंतीपलीकडे गेला. भट्टीवाल्यांची जैनबचाची कणकेच्या हातांनी दारात येऊन उभी राहिली.

"ए कोकणीन, काय भाजतियास?"

"नासलेला दूध."

"नासल्याला असला वास? मग आमचं बी नासवून घे की!"

आईने तिला केळीच्या पानावर एक वडी दिली. वरून काळसर, आत दाणेदार आणि ओली. चाची उभ्या उभ्या खात होती. खाऊन झाल्यावर तिने पान चाटलं आणि म्हणाली, "आमच्या भट्टीची आच सकाळी पाव काढल्यावर वाया जाती. हे आत लाव. बगू काय हुतंय."

तिचे मालक उस्मानचाचा मात्र अडून बसले. माडाचा म्हटल्यावर त्यांनी हात मागे घेतला. "बाई, दारूचं काय आमच्या भट्टीत चालत न्हाय." आईने त्यांना चुन्याचं मडकं, पहाटेचा रस, लगेच उकळणं, सगळं समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, मशिदीत जाऊन विचारून आले, मग एक खडा तोंडात टाकला आणि गल्लीच्या टोकापर्यंत चालत जाऊन परत आले. चाचीने विचारलं, "कुठं गेल्ता?" ते म्हणाले, "सरळ चालतोय का बगून आलो." हसले ते पहिले तेच. दुसऱ्या दिवशी आई भट्टीत कामाला लागली.

लोक बोलले. माडी काढणाऱ्या भंडाऱ्याची विधवा मुसलमानाच्या भट्टीत. बायाक्काच्या गोठ्यावर दूध न्यायला येणाऱ्या काही बायका आईला बघून तोंड फिरवायच्या. त्यांच्या घरची पोरं मागच्या दाराने वड्या न्यायची. आई म्हणायची, "तोंड फिरवून खातात, पण खातात."

माडाच्या गुळाची नानकटाई करायचं डोकंही तिचंच. आधी ढेप कुस्करून घातली तर कणीक पाझरली आणि नानकटाया भट्टीत पसरून भाकरीसारख्या झाल्या. गूळ कोरडा हवा. आईने ढेपा थोड्या पाण्यात विरघळवून लोखंडी कढईत पुन्हा उकळल्या. थेंब गार पाण्यात टाकून बघायचा. गोळी कडक झाली की कढई उतरवायची आणि लाकडी उलथन्याने घोटायला लागायचं. आधी फेस येतो, मग अचानक सगळं जड होतं, आणि मग वाळू होते. तपकिरी, कोरडी साखर. हात थांबला तर दगड होतो, आच जास्त झाली तर कडू होतं. घोटायला मी असायचे. माझे खांदे त्यानेच असे झाले आहेत. ती साखर तुपात फेसून केलेली नानकटाई पांढऱ्या साखरेच्या नानकटाईपेक्षा कमी गोड, आणि खाल्ल्यावर दुसरीला हात जातोच.

पण करंडी संपली. उसाच्या गुळाच्या वड्या करून बघितल्या. लोक म्हणाले, हे तर आम्ही घरी करू. आमच्याकडे जे होतं ते माडामुळे होतं, आणि माड खाली होते. गूळ मागवायचा तर आमच्याच वाडीतून, आणि मागवला की महादूकाकाला, म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाला, आमचा पत्ता लागणार. आईला हे ठाऊक होतं. पुष्कळ दिवस गेले. मग एका सकाळी हैबतीला म्हणाली, "खाली जाशील तेव्हा गूळ घेऊन ये. कोणी विचारला तर खरा सांग."

जनू शाळेत होता. महाराजांनी शाळा सक्तीची केली होती, पोर घरी ठेवलं तर आईबापाला दंड. मीही जायचे. मला शाळा आवडायची, त्याला नाही. त्याच्या बोलण्याला पोरं हसायची, "ए मासोळ्या" म्हणायची. एकदा तो एका बंगल्याच्या आवारातल्या माडावर चढला. कोणी शिकवलं नव्हतं. आम्हाला कळवल्यावर आई धावत गेली. तो शेंड्याशी होता. ती ओरडली नाही, शिवी दिली नाही, फक्त खाली उभी राहिली आणि वर बघत राहिली. तो उतरल्यावर हसत म्हणाला, "आई, वरून डोंगर दिसतो. त्याच्या पलीकडे आपला घर." आईने त्याच्या पायांच्या तळव्यांवरून हात फिरवला, जखमा बघितल्या, आणि त्याला घरी आणलं. रात्री ती जेवली नाही.

काका आला तो हैबतीच्याच गाडीतून, गुळाबरोबर. भर दुपारी, भट्टीच्या अंगणात. काका वाईट माणूस नव्हता. तो बाबांसारखाच दिसायचा, म्हणून मला त्याच्याकडे बघवत नव्हतं. त्याने फडक्यात गुंडाळलेला कोयता काढून मांडीवर ठेवला. बाबांचा कोयता. बाबा पडले त्या दिवशी तो माडाखालीच राहिला होता.

"वैनी, झाला ता झाला," काका म्हणाला. "पोराला घेवन जातो. दादाचे माड वसाड पडलेत. परवाना जाईल. तेराव्याला ह्याच्या हातात कोयता द्यायचा राहिला, म्हणून माड रुसलेत, लोक बोलतात."

आई म्हणाली, "पोर शाळेत जाता. महाराजांचा हुकूम हाय. शाळेतून काढला तर शिपाई दारात येतो."

"आमच्यात इंग्रजाचा राज्य," काका म्हणाला. "तुमच्या महाराजाचा शिपाई घाट उतरत नाय."

उस्मानचाचा पाव मोजत होते ते थांबले. चाची दारात आली. काकाने आईला सोडून जनूकडे तोंड केलं. "काय रे, येतोस? तुझ्या बापाचा माड तुझी वाट बघता."

जनू उठला. त्याचा चेहरा मी अजून विसरले नाही. कोल्हापुरात आल्यापासून तो असा हसला नव्हता. त्याने दोन्ही हात पुढे केले, देवाचा प्रसाद घेतात तसे. काकाने कोयता उचलून त्याच्या ओंजळीकडे नेला.

आई मध्ये आली. तिने कोयता मुठीच्या बाजूने धरला आणि काढून घेतला.

"रीत काय हाय?" तिने विचारलं. "गेलेल्याचा कोयता त्याच्या वारसाला. घेतला वारसाने."

"बायको कधी माडावर चढते काय?"

"चढणार नाय. कोणीच चढणार नाय. माड तुम्ही घ्या, भावजी. तुमच्या दादाचा वाटा, परवाना, घराखालची जागा, सगळा तुमचा. मी हक्क सांगायला येणार नाय, पोर मोठा झाला तरी येणार नाय. मला पोर पाहिजे, आणि दर खेपेला गूळ पाहिजे. दुसरा काय नको."

काकाने कोयत्याचं रिकामं फडकं गुंडाळलं. मग म्हणाला, "मग चढणार कोण? मी एकटा किती चढू? आमचा दत्तू लहान हाय."

 आई आत गेली आणि त्याने आणलेली गुळाची ढेप तिथल्या पाटावर ठेवून त्या कोयत्याने फोडली. आवाज अंगणात आला. पुढे भट्टीत गूळ फोडायला तोच कोयता राहिला. काका एक रात्र बायाक्काकडे राहिला आणि दुसऱ्या दिवशी परत गेला. निघताना आईने त्याच्याबरोबर नानकटाया दिल्या. त्याने घेतल्या. गाडीत बसल्यावर एक खाल्ली आणि मला म्हणाला, "आपल्याच गुळाची काय गो?" मी हो म्हटलं. तो काहीतरी बोलायला गेला आणि हैबतीने बैल हाकले.

जनू आईशी बोलायचा बंद झाला. सांगितलेलं काम करायचा, पण तोंड उघडायचा नाही. हे वर्षभर चाललं, किंवा जास्त. आई त्याला जेवायला वाढायची आणि दुसरीकडे बघायची. मला ती एकदा म्हणाली, "माझ्यावर रागावून का होईना, जमिनीवर हाय." पुढे तो मोटारीवर क्लीनर म्हणून गेला आणि मग ड्रायव्हर झाला. रत्नागिरीची मोटार चालवायचा. सकाळी घाट उतरायचा आणि दुसऱ्या दिवशी चढायचा. डब्यात आईच्या वड्या असायच्या. खाली वाडीतले लोक त्याच्या मोटारीची वाट बघत. गूळ तोच आणायचा. आईवरचा राग कधी गेला ते त्याने सांगितलं नाही. एक दिवस तिला म्हणाला, "पुढच्या खेपेला किती ढेपा आणू?" तेव्हा आम्हाला कळलं.

माझी शाळा चौथीनंतर सुटली, कारण भट्टीत हात कमी पडत होते. त्याबद्दल मी कोणाला दोष देत नाही. महाराज गेले तेव्हा मी लग्नाची झाले होते. गावभर चुली पेटल्या नव्हत्या, आणि उस्मानचाचांनी त्या दिवशी भट्टी लावली नाही. आई बंद भट्टीसमोर बसून होती. तिला कोणी कोल्हापूरची म्हटलं तर आधी ती चिडायची. त्यानंतर चिडली नाही. तिचं "नाय" तेव्हापर्यंत "न्हाय" झालं होतं, आणि ती पावण्यांना पावणं म्हणू लागली होती. माझी लेकरं तर सरळ कोल्हापुरीच बोलतात, आणि घावन्याबरोबर तांबडा रस्सा खातात. मी काही म्हणत नाही.

आता सगळीकडे पांढरी साखर. नातसुनेने विजेचा गोल ओव्हन घेतला आहे, केक करते, चांगला करते. तिने मला विचारलं, "आजी, तुमच्या वेळी साखर नव्हती का?" होती. सणाला होती. आमचं रोजचं गोड वेगळं होतं. मी तिला एकदा माडाचा गूळ घालून केक करायला लावला. सरकारी दुकानात नीरा मिळते तिथेच कधी कधी गूळ येतो, तसला फिका, धूर नसलेला. केक फुगला, रंग छान आला. तिने विचारलं, "तसाच झाला का?" मी म्हटलं, नाही. पण खाल्ला.

तुम्ही खाली राहिलेले म्हणता की आम्ही घर सोडलं. वर आलेल्यांची पोरं म्हणतात की आमचं घर तिकडे आहे, आणि सुट्टीत जाऊन फोटो काढून येतात. माझ्या आईने घर देऊन टाकलं, अंगणात उभं राहून, चार माणसांसमोर, एका पोराच्या बदल्यात. तिला घराचा अर्थ कोणी विचारला असता तर ती म्हणाली असती, जिथं माझी पोरं जमिनीवर आहेत ते. त्यानंतर ती घाट कधी उतरली नाही. मीही तिच्या हयातीत उतरले नाही. नंतर एकदा जनूच्या मोटारीतून गेले. समुद्र बघितला, वाडी बघितली, संध्याकाळी परत आले. घाट चढताना मला घरी चालल्यासारखं वाटलं. एवढंच सांगू शकते.

लग्नातल्या त्या मुलाला हे सांगायचं राहिलं. काका कोल्हापूरहून रिकामा परत गेला त्याच वर्षी, पाऊस संपल्यावर, त्याने कोयता नवा घडवला आणि आपल्या दत्तूच्या हातात दिला. दत्तू बाबांच्याच माडावर चढला. आईला हे हैबतीकडून कळलं त्या दिवशी तिने गूळ फोडायचा कोयता हातात घेतला नाही. आई चुकली की बरोबर होती, हे मला विचारू नका.

दत्तू म्हातारा होईपर्यंत माडावर चढला आणि एकदाही पडला नाही. जनू कधी चढला नाही. दोघंही जगले.